नाशिकच्या कॅनडा कॉर्नरची रविवारची कार्यशाळा: आनंदी राहायला शिकवत नाहीत, तरी जा

ज्यांना कायम आनंदी राहायची युक्ती हवी आहे त्यांनी आपले ३,२०० रुपये वाचवावेत. ती भावना हाताळायला शिकवणाऱ्या या कार्यशाळेत मिळत नाही. पहिल्या रविवारी पहिल्या दहा मिनिटांतच कार्यशाळा घेणाऱ्या मॅडम हे सांगून टाकतात, आणि मधल्या सुट्टीपर्यंत कुणाला परत जायचं असेल तर पूर्ण पैसे परत, असंही सांगतात. आमच्या नाशकात आगाऊ घेतलेली फी कुणी आपणहून परत देऊ करतंय हे मी पहिल्यांदा ऐकलं. पाचपैकी चार तारे देतेय, त्यातला अर्धा या एका वाक्याचा आहे.

केंद्राचं नाव लिहीत नाही. गटातल्या माणसाची ओळख पटेल असं काही बाहेर बोलायचं नाही, असं सगळ्यांकडून कबूल करून घेतात. तुकडी छोटी असते, आणि नाशिक कितीही वाढलं तरी या बाबतीत अजून छोटंच आहे. नाव आणि महिना सांगितला की कोण कोण होतं ते संध्याकाळपर्यंत कॉलेज रोडला कळेल. कॅनडा कॉर्नरला समुपदेशनाच्या पाट्या वाचत फिरलात तर सापडेल. दुसरा मजला, आणि लिफ्ट रविवारी बंद.

एकूण पाच रविवार, दहा ते एक. लांबट खोली, बिनहाताच्या प्लास्टिकच्या खुर्च्या गोल मांडलेल्या, म्हणजे मागच्या रांगेत लपायची सोय नाही. आल्याचा चहा फार चांगला. पोहे दर वेळी, आणि दर वेळी गार.

मी एका खासगी रुग्णालयात बिलाच्या खिडकीवर बसते. ज्यांनी कधी विम्यावर कॅशलेस डिस्चार्ज घेतलाय त्यांना पुढचं सांगायला नको. डॉक्टर सकाळी राउंडला येऊन म्हणतात, आज घरी जा. अकराच्या आत नातेवाईक पिशव्या भरून खिडकीशी हजर. मग वॉर्डातून फाइल खाली यायची, उरलेली औषधं फार्मसीत परत जायची, फायनल बिल टीपीएकडे, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे तपासणाऱ्यांकडे, जायचं, त्यांची काहीतरी क्वेरी यायची, तिच्यासाठी डॉक्टरांची सही हवी आणि डॉक्टर ऑपरेशन थिएटरमध्ये. यातलं माझ्या हातात काय, तर शेवटी प्रिंट काढणं. पण चेहरा दिसतो तो खिडकीतला, त्यामुळे शिव्या खिडकीला.

मागे आमच्यासाठी एका प्रशिक्षकांचं दोन तासांचं शिबिर ठेवलं होतं. आरशात बघून हसायचं, सकाळी उठल्यावर 'मी शांत आहे, मी प्रसन्न आहे' असं म्हणायचं, नकारात्मक विचार आला की मनगटावरचं रबर ताणून सोडायचं. आमच्या टीपीए डेस्कवरची मुलगी आठवडाभर लाल मनगट घेऊन फिरली. शांत काही झाली नाही. त्या शिबिराचा माझ्यावर झालेला परिणाम म्हणजे, आधी मला नुसता राग यायचा, नंतर राग आल्याचाही राग यायला लागला. मोबाइलवरची अ‍ॅपंही त्याच घरातली. रोज पाच चेहऱ्यांतला एक निवडायचा, रडका निवडला की लगेच फुलपाखरं आणि श्वासाचा व्यायाम. रडका निवडून नुसतं बसायची मुभा नाही.

तर या पार्श्वभूमीवर मी दुसरा मजला चढले.

शिकवतात ती विवेकनिष्ठ मानसोपचाराची (इंग्रजीत आरईबीटी) पद्धत जुनी आणि नावाजलेली आहे. न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास ती मांडली. एलिस आधी मनोविश्लेषणवाले. रुग्णाला कोचावर झोपवून वर्षानुवर्षं त्याचं बालपण उकरायचं, याचा त्यांना कंटाळा आला. त्यांनी आधार घेतला तो एपिक्टेटस या गुलामीत वाढलेल्या प्राचीन तत्त्वज्ञाचा: माणसाला छळते ती घटना नव्हे, घटनेबद्दलचं त्याचं मत. आपल्याकडे ही विवेकनिष्ठ पद्धत रुजवण्यात मुंबईच्या किशोर फडके यांचा मोठा वाटा. एलिस यांच्याशी त्यांचा अनेक वर्षं पत्रव्यवहार होता. ठाण्याचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांची व्याख्यानं ऐकलेल्यांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल.

मला ओळखीचं वाटलं, आणि म्हणूनच धास्तीही वाटली. 'घटना सोड, तुझा विचार बदल' हे चुकीच्या माणसाच्या तोंडी पडलं की त्याचा अर्थ 'तुझंच चुकतंय' एवढाच उरतो. शिव्या मी खायच्या आणि विचारही मीच बदलायचे?

दुसऱ्या रविवारी माझंच उदाहरण फळ्यावर आलं. फळ्याचे तीन भाग: घटना, मनातला विचार, परिणाम. घटना सोपी होती. एका गृहस्थांनी बिलाची फाइल खिडकीतून आत भिरकावली. परिणामही पटकन सांगितला: हात थरथरले, पुढच्या चार जणांशी तुसडेपणाने बोलले, घरी जाऊन मुलीवर ओरडले. मधलं सांगायला वेळ लागला. शेवटी निघालं ते असं: "माझा दोष नसताना माझ्याशी कुणी असं वागताच कामा नये. मला हे सहनच होत नाही."

"वागू नये, हे बरोबर," मॅडम म्हणाल्या. "पण वागणारच नाही, असा करार कुणी केलाय तुमच्याशी? आणि सहन होत नाही म्हणताय, पण इतकी वर्षं खिडकीवर बसलाच आहात की."

सगळे हसले. मीही. मग मला वाक्य नव्याने बांधायला लावलं. लोकांनी नीट बोलावं असं मला मनापासून वाटतं. ते बोलतीलच याची खात्री नाही. नाही बोलले तर मला वाईट वाटेल आणि ते मी निभावून नेईन. हे तीन-चारदा मोठ्याने म्हणायला लावलं. आता ही बाई विचारणार, गेला ना राग? आणि मग टाळ्या, असं मी मनाशी धरून चालले होते.

"आता काय वाटतंय?"

"वाईट वाटतंय, मॅडम. चीडही येतेय. पण हात थरथरत नाहीत."

"मग झालं. ती चीड राहू द्या तुमच्याकडे."

माझ्या मते फी वसूल होते ती इथे. फळ्यावर त्यांनी दोन बाजू केल्या. उजवीकडे अंगावर येणारी, माणसाला जाम करणारी भावना. डावीकडे तिचीच दुसरी, पायांवर उभी ठेवणारी बहीण. धडकी भरवणारी चिंता आणि तयारीला लावणारी काळजी. स्वतःला फटके मारत बसणारा अपराधगंड आणि चूक दुरुस्त करायला पाठवणारी खंत. डाव्या बाजूच्या भावनाही अप्रियच आहेत, त्या गोड करून दाखवायच्या नाहीत, यावर मॅडम अगदी ठाम. कुणी फाइल अंगावर फेकली आणि तुम्हाला काहीच वाटलं नाही, तर त्याला मी प्रगती म्हणणार नाही, असं त्या म्हणाल्या. डावी भावना सौम्यच असते असंही नाही. ती प्रचंड असू शकते. ती कुठल्या बाजूची हे तिच्या आकारावरून ठरत नाही, ती तुम्हाला काय करायला लावते यावरून ठरतं.

माझ्याकडून त्या चिडीने अर्ज लिहून घेतला. चीड जागेवर होती आणि हात स्थिर होते, तर प्रशासनाला सरळ लिहिलं की डिस्चार्जची फाइल कोणत्या टप्प्यावर आहे हे खिडकीबाहेर पडद्यावर दिसू द्या. बऱ्याच पाठपुराव्यानंतर पडदा लागला. लोक ओरडायचे थांबलेले नाहीत, पण आता बरेचसे टीपीएच्या नावाने ओरडतात. निदान दिशा तरी बरोबर आहे.

याला धरूनच मॅडमनी एक अभ्यास सांगितला, तो मला महत्त्वाचा वाटला. ब्रेट फोर्ड, आयरिस मॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेला, एकूण १,३०० हून अधिक माणसांचा. ज्यांनी स्वतःच्या अप्रिय भावनांना नावं न ठेवता त्या येऊ दिल्या, त्यांचं मानसिक स्वास्थ्य पुढे जास्त चांगलं दिसलं. त्यात बारकावा असा की फायदा भावना स्वीकारण्याशी जोडलेला होता, परिस्थिती स्वीकारण्याशी नव्हे. आपल्याकडे 'स्वीकारा' म्हणताना लोक या दोन्हींची एकच मोट बांधतात. सासू म्हणते स्वीकार, साहेब म्हणतात स्वीकारा, आणि दोघांनाही म्हणायचं असतं की गप्प बस.

बाकीचे प्रयोग जरा घाईत उरकले. १९९३ मधला ग्रॉस आणि लेव्हन्सन यांचा: लोकांना शस्त्रक्रियेची किळसवाणी फीत दाखवली आणि काहींना सांगितलं, चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका. चेहरे शांत राहिले. किळस मात्र इतरांइतकीच वाटली, आणि त्वचेवरच्या घामासारख्या काही मोजमापांत शरीराचा ताण उलट वाढलेला निघाला. माझ्यासारख्या हसरा चेहरा ठेवून पगार घेणाऱ्या बाईला यावर अजून ऐकायचं होतं, पण मॅडम पांढऱ्या अस्वलाकडे वळल्या. डॅनियल वेगनर यांचा १९८७ चा प्रयोग: पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि आलाच तर घंटी वाजवा. आम्हाला घंटीऐवजी खुर्चीवर टिचकी मारायला सांगितलं. खोलीभर ताशा वाजल्यासारखा आवाज झाला. मजा आली, पण त्यात वीस मिनिटं गेली आणि घामाचं राहून गेलं.

मी कॉलेजात असताना राज्य नाट्य स्पर्धेसाठी धडपडलेली आहे, त्यामुळे एक गोष्ट त्यांच्या टिपणांत नसल्याचं नवल वाटलं. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ स्थायीभाव, म्हणजे मूळ भावना, आहेत. त्यातले शोक, क्रोध, भय आणि जुगुप्सा (किळस) हे चार, म्हणजे बरोब्बर निम्मे, आजच्या भाषेत नकारात्मक. ते वगळले तर अर्धं नाट्यगृह रिकामं होईल. चौथ्या रविवारी मी हे बोलले. मॅडमनी वहीत लिहून घेतलं. पुढच्या तुकडीत ते त्यांच्या नावावर ऐकायला मिळालं तरी माझी हरकत नाही.

चौथा रविवार दुःखाचा असतो. माझे वडील, अण्णा, एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झाले होते. त्यांना जाऊन आता तसा बराच काळ झाला. तेव्हा घरी आलेल्या प्रत्येकाने मला एकच सांगितलं, रडू नकोस, त्यांचा जीव अडकेल. तेराव्याच्या आत फॅमिली ग्रुपवर सूर्योदयाची चित्रं सुरू झाली. मी रडले नाही. कामाला लवकर परतले आणि किती खंबीर म्हणून कौतुक झालं. अजूनही मेनरोडला त्यांच्या मापाची बंडी टांगलेली दिसली की गळा दाटतो, आणि लगेच वाटतं, एवढं कसं आपण अजून सावरलो नाही.

मी विचारलं, "मॅडम, हे कोणत्या बाजूला?"

कामावर जाता का, जेवता का, झोप लागते का, अण्णांबद्दल हसून काही आठवता येतं का, असं त्यांनी विचारलं. सगळ्याला हो म्हटलं. त्यांनी डावीकडे लिहिलं, 'दुःख.' पेनाला टोपण लावलं.

"सावरायला हवं होतं, हा विचार तेवढा आपण तपासू. दुःखाचं काही करायचं नाही."

मला वाटलं, अजून काही सांगतील. नाही सांगितलं. पुढच्या माणसाकडे वळल्या. काहीही करू नका हे ऐकायला मी ३,२०० रुपये भरले, असा विचार दहा मिनिटं तरी माझ्या डोक्यात फिरत होता. पण खरं सांगायचं तर तेवढं सांगणारं दुसरं कुणी भेटलं नव्हतं. फुकटात सगळे उलटंच सांगत होते.

आता गमतीचा भाग. तिसऱ्या आणि चौथ्या रविवारच्या मध्ये लाज वाटण्याचा गृहपाठ असतो. ही एलिस यांचीच आयडिया. केळ्याला दोरी बांधून ते कुत्र्यासारखं रस्त्यावरून फिरवत न्या, गाडीत स्टेशनांची नावं मोठ्याने पुकारा, असल्या कामगिऱ्या ते लोकांना द्यायचे. कुणाला इजा नाही, नियमभंग नाही, फक्त लाज. आणि ती येऊ द्यायची, पळून जायचं नाही. स्वतः एलिस एकोणीस वर्षांचे असताना मुलींशी बोलायला घाबरायचे, म्हणून ब्रॉन्क्सच्या वनस्पती उद्यानात महिनाभर जाऊन बाकावर एकटी बसलेली दिसेल त्या बाईशी गप्पा मारायचा नेम त्यांनी केला होता. शंभरहून अधिक जणींशी बोलले. भेटायला यायचं एकीने कबूल केलं, तीही आली नाही.

मी सिटीलिंकच्या बसमध्ये बसले आणि शालिमारपासून प्रत्येक थांब्याचं नाव खणखणीत आवाजात पुकारलं. कान तापले, पोटात गोळा आला. रविवार कारंजाला एका आजोबांनी मला विचारलं, "ताई, निमाणीला किती वेळ लागेल?" पलीकडच्या बाईंनी सुटे पैसे पुढे केले. ज्याची भीती होती ते, म्हणजे सगळी बस माझ्याकडे वेड्यासारखी बघतेय, असं काहीच झालं नाही. अर्ध्या लोकांनी कानातले इअरफोन काढलेसुद्धा नाहीत. लाज मात्र निमाणीपर्यंत होती. उतरले तेव्हाही होती.

आता तक्रारी, म्हणजे उरलेला तारा कुठे गेला ते. टिपणं झेरॉक्सची झेरॉक्स आहेत, आणि मराठी इतकं संस्कृताळलेलं की माझ्या शेजारच्या व्यक्तीने दुसऱ्या पानानंतर ते पंख्यासारखं वापरलं. मॅडम तोंडी छान, सोपं बोलतात. तेच लिहून का देत नाहीत कळत नाही. दुसरं, बोलघेवड्यांना आवरायची हातोटी कमी. गोलात दोन माणसं अशी असली की ती तासभर खातात. यावर आलेली चीड डाव्या बाजूची होती, असं मी मानते.

तिसरी तक्रार गंभीर आहे. उदाहरणं बहुतेक नोकरदारांची: बॉस, ट्रॅफिक, मुलांचे मार्क. घरात मार खाणाऱ्या बाईला तीन भागांचा फळा पुरत नाही, तिला आधी सुरक्षित जागा आणि कायदा लागतो. कुणीतरी विचारलं तेव्हा मॅडमनी हे स्पष्टपणे मान्य केलं, आणि अशा वेळी भीती ही पूर्णपणे रास्त भावना आहे, तिचं ऐका, असंही म्हणाल्या. पण ते विचारल्यावर. मला वाटतं, हे पहिल्या रविवारी, पैसे परत मिळण्याच्या मुदतीतच सांगायला हवं.

हे उपचार नाहीत, हेही समजून जा. नाव नोंदवताना एक फॉर्म भरून घेतात. त्यात झोप, भूक, चालू औषधं, जीव नकोसा वाटणं याबद्दल प्रश्न आहेत, आणि उत्तरं काळजीची वाटली तर मॅडम आधी स्वतः फोन करतात, मनोविकारतज्ज्ञांकडे जायला सांगतात. हे फार चांगलं आहे. आठवडेच्या आठवडे उठवत नसेल, कशातच रस उरला नसेल, तर पाच रविवारांची वाट बघू नका. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आणि फुकट आहे, मराठीत बोलता येतं. २०२२ पासून चालू आहे. माझ्या खिडकीच्या काचेवर मी तो नंबर चिकटवलाय, बिल भरणाऱ्यांसाठी.

कुणी जावं? ज्यांच्या कामात चेहरा भाड्याने द्यावा लागतो त्यांनी नक्की: नर्स, शिक्षक, कॉल सेंटरवाले, केटरिंगवाले, सुना. घरात कुणी गेलंय आणि लोक सावर सावर म्हणून मागे लागलेत, त्यांनी एक चौथा रविवार तरी बसावं; सुटा रविवार ८०० रुपयांत करता येतो, हे ते पत्रकात लिहीत नाहीत, फोनवर विचारावं लागतं. नवऱ्याला सुधारून आणायला पाठवू नका. एकीने तसा प्रयत्न केला तेव्हा मॅडमनी फोनवरच नकार दिला.

पुढची तुकडी दिवाळीनंतर. स्वतःची वही न्या, नाश्ता घरून करून जा. आणि गाडी समोरच्या रस्त्यावर लावू नका, रविवारीसुद्धा उचलतात. माझी उचलली. दंड भरताना काय वाटलं ते मी पाचव्या रविवारी फळ्यावर लिहिलं, आणि मॅडमसकट सगळ्यांनी ते एकमताने डावीकडे टाकलं.